मापाची नजर

माझ्या घरात चहाच्या किटलीला टोपी आहे, मिक्सरला झगा आहे आणि टीव्हीच्या रिमोटलासुद्धा अंगरखा आहे. सगळं वांगी रंगाचं, सगळं क्रोशाचं आणि सगळं माझ्या थोरल्या बहिणीच्या हातचं. येणारीजाणारी माणसं कौतुक करतात. मी "हो, ताईनं केलंय" म्हणते आणि विषय बदलते. कारण या सगळ्या वस्तू मिळून एकेकाळी एक स्कर्ट होता. तो उसवला ताईनं, पण त्याची वाट लावली मी.

ताई शर्टांच्या कारखान्यात काजाच्या मशीनवर होती. शर्ट सरकवायचा, पायानं पट्टी दाबायची, खट्, एक काज झालं. पुन्हा सरकवायचा, पुन्हा खट्. अठराव्या वर्षी ती त्या मशीनवर बसली. शर्ट कसा दिसतो हे तिला म्हणे माहीतच नव्हतं, फक्त त्याची पुढची पट्टी माहीत होती. "कोणी पुरुष समोरून आला की मी त्याचा चेहरा बघत नाही, काजं बघते," ती म्हणायची. "म्हणून तर लग्न जमलं नाही!" आई हसायची नाही, पण आम्ही दोघी पोट धरून हसायचो.

क्रोशा तिला कारखान्यातल्या इस्त्रीवालीनं शिकवला, जेवणाच्या सुट्टीत. साखळी, मुका खांब, खांब, एवढे तीनच टाके. पुढचं ताईनं स्वतःच्या डोक्यानं वाढवलं. सकाळी कारखान्याला जाण्याआधी तासभर ती खिडकीत बसायची, मांडीवर दोऱ्याचा गुंडा, आणि बोटं अशी चालायची की बघणाऱ्याला वाटावं, सुईच तिला ओढून नेतेय. पण तिची खरी करामत बोटांत नव्हती, डोळ्यांत होती. रस्त्यानं जाणाऱ्या बाईकडे एकदा बघायची आणि म्हणायची, "चौतीस. कोट घालून लपवतेय." मला खरं वाटायचं नाही. मग मी टेप घेऊन खाली पळायचे, ओळखीची असली तर काहीतरी निमित्त काढून तिची कंबर मोजून यायचे. ताईचं माप अर्ध्या इंचानंही चुकायचं नाही. मी वर येऊन तोंड पाडून सांगायचे, "चौतीस." ती नुसती भुवई उडवायची.

मोठ्या चौकात काचेची मोठी खिडकी असलेलं कपड्यांचं दुकान होतं. त्याच्या मालकीणबाईंनी एकदा ताईच्या अंगातलं क्रोशाचं जाकीट बघून तिला रस्त्यातच थांबवलं. जाकिटाची बाही उलटी करून बघितली, शिवण शोधली, सापडली नाही. त्यांनी विचारलं, "स्कर्ट कराल का? झोळीसारखा नको. अंगावर बसणारा हवा. करून आणा आणि कोणाला तरी घालून दाखवा, हँगरवरचं मी काही बघत नाही. जमला तर माझ्या मागच्या खोलीत तुमची खुर्ची लागली असं समजा."

मागच्या खोलीत तीन बायका मोठ्या खिडकीशी बसून कपडे बेतायच्या. पुरा कपडा, गळ्यापासून घेरापर्यंत. ताई घरी आली ती पायऱ्या दोन-दोन चढत. "हे जमलं ना, तर कारखाना सोडते," ती आईला म्हणाली. "अकरा वर्षं भोकं पाडली. आता काहीतरी अख्खं करायचंय मला."

ती स्वतः उंच आणि सरळसोट. स्वतःच्या अंगावर दाखवायला ती तयार नव्हती. म्हणाली, "मला घातला तर काय, खांबाला गुंडाळल्यासारखा दिसेल. माप साधलंय हे दिसायला अंगाला वळणं हवीत." आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "ठमे, तू आहेस ना!"

ठमी मी. शेंडेफळ, एकवीस वर्षांची, नुकतीच एका दातांच्या डॉक्टरकडे बाहेरच्या टेबलावर नोकरीला लागलेली. घरात मला ठमी म्हणत त्याचं मला लहानपणी काही वाटत नसे. त्या वर्षी वाटायला लागलं होतं. दवाखान्यात माझ्याबरोबर काम करणारी मुलगी म्हणजे नुसती छडी होती, आणि ती रोज डबा अर्धा खाऊन "बाई, पोट भरलं" म्हणायची. मी तिचा उरलेला डबा खायचे आणि तिचा राग करायचे.

पहिल्या दिवशी ताईनं मला उभं केलं, दोन पावलं मागे गेली आणि म्हणाली, "एकतीस." मग टेप लावली. "एकतीस. लिही गं आई."

"एकतीस?" आईनं पेन्सिल थांबवली. "गेल्या वर्षी अठ्ठावीस होती ना ही?"

"पिकतंय फळ," ताई म्हणाली, आणि दोघी हसल्या. त्यात वाईट काहीच नव्हतं. आमच्या घरात प्रेम असंच बोलून दाखवायचे. पण माझे कान तापले. मी फणकाऱ्यानं म्हणाले, "टेप वाकडी धरलीस तू. उद्या परत घे."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पोट आत ओढून उभी राहिले. नुसतं आत नाही, पार पाठीला चिकटवून. टेप फिरली. ताई टेपेकडे बघत राहिली.

"साडेअठ्ठावीस," ती म्हणाली. "अगंबाई. काल मी कसं काय चुकले?"

"घरच्या माणसाकडे कोण नीट बघतं?" मी म्हणाले. श्वास न सोडता एवढं वाक्य बोलणं सोपं नव्हतं. ताई हसली आणि तिनं आईच्या हातचे एकतीस खोडून साडेअठ्ठावीस लिहिले. माझं खोटं एवढंच होतं. आता कागदावर मांडताना किती पोरकट दिसतंय. पण त्या सकाळी मला वाटलं होतं की मी जिंकले.

स्कर्ट ती कंबरेपासून खाली विणत गेली, म्हणजे जसजसा वाढेल तसतसा घालून बघता येईल. नाडी नाही, इलॅस्टिक नाही. "नाडी म्हणजे माप चुकल्याची कबुली," असं तिचं म्हणणं. कंबरेशी मुक्या खांबांची घट्ट पट्टी, मग नितंबांकडे उतरताना ठरावीक अंतरानं एकेक टाका वाढवायचा, पण वाढवलेला टाका कुठेही दिसता कामा नये, आणि गुडघ्याखाली सगळा घेर एकदम मोकळा सोडायचा. डाव्या बाजूला उघडायला फट आणि तिच्यावर पाच छोटी बटणं. त्या पाच बटणांची काजं तिनं हातानं केली. कारखान्यात दिवसाला शेकड्यांनी काजं पाडणारी बाई त्या पाच काजांवर तीन सकाळी बसली होती.

दर तीन-चार दिवसांनी ट्रायल. मी स्टुलावर चढायचे, ताई तोंडात टाचण्या धरून माझ्याभोवती फिरायची. मी पोट आत ओढून छताकडे बघत उभी. "एरवी हिच्या तोंडाला कुलूप नसतं," ताई टाचण्यांमधून बोलायची, "आणि ट्रायलच्या वेळी मूग गिळून उभी राहते." बोलले असते तर पोट बाहेर आलं असतं. मनाशी मी म्हणत होते की दाखवायचा दिवस येईपर्यंत आपण खरोखरच बारीक होऊ, म्हणजे प्रश्नच मिटला. सकाळी उपाशी राहायचे आणि संध्याकाळी सकाळचंही वसूल करायचे. महिनाभरात मी बारीक तर झाले नाहीच, उलट भर पडली असावी.

शेवटची ओळ घालायच्या आधी तिनं तो स्कर्ट आठ दिवस दारामागे टांगून ठेवला. सुती दोऱ्याचं विणकाम स्वतःच्या वजनानं खाली उतरतं, ते किती उतरतंय हे बघून मगच काठ करायचा असतो. रोज सकाळी ती पट्टी लावून बघायची, कुठे एका बाजूला तर ओघळत नाही ना. दोऱ्यावर तिचा भरवसा नव्हता. बहिणीवर होता.

आठव्या दिवशी तिनं मला परत घालायला लावला. बराच वेळ बघत राहिली. मग टाचण्या तोंडातून काढून म्हणाली, "ठमे, कंबरेत अर्धा-एक इंच सोडू का गं? वरची पट्टी कापून परत विणावी लागेल फक्त. टेप बरोबर सांगतेय, पण मला उगाचच काहीतरी वाटतंय."

इतकी वर्षं मी कोणाला सांगितलं नाही ते हे. पोट आत ओढणं हा मूर्खपणा होता, तो मी स्वतःला माफही करेन कधीतरी. पण त्या सकाळी तिच्या डोळ्यांनी तिला खरं सांगितलं होतं, आणि ती माझ्याकडे बघून विचारत होती. मी म्हणाले, "काही नको. छान बसलाय. उगाच शंका काढतेस तू."

"खरं ना?"

"शप्पथ."

तिनं काठ घातला.

दुकानात आम्ही गेलो तो दिवस मला मिनिटामिनिटानं आठवतो. ताईनं कारखान्यातून अर्ध्या दिवसाची सुट्टी काढली होती. मालकीणबाईंनी मला आरशासमोर उभं केलं, गोल फिरायला लावलं, चालायला लावलं. मी श्वास रोखून चालले. मागच्या खोलीतल्या तिघी छडीसारख्या बायकाही दारात येऊन उभ्या राहिल्या. त्यातली एक दुसरीला म्हणाली, "वाढवलेला टाका सापडतोय का बघ." दुसरी म्हणाली, "नाही बाई." ताई भिंतीला टेकून उभी होती. हात मागे बांधलेले, चेहरा लालबुंद. मी तिला इतकं सुंदर दिसताना पूर्वी पाहिलं नव्हतं, नंतरही नाही.

"फारच छान," मालकीणबाई म्हणाल्या. "आता बसा बरं."

त्यांनी खुर्ची पुढे केली. आम्ही महिनाभर ट्रायल घेत होतो, पण स्टुलावर चढून उभ्यानं. बसून बघायचं ना तिला सुचलं, ना मला. उभ्यानं माणूस श्वास रोखू शकतो. बसताना पोट कोणाचं ऐकत नाही.

मी बसले. वरचं बटण तुटून थेट मालकीणबाईंच्या चपलेपाशी गेलं. दुसरंही गेलं. पट्टी कंबरेवरून सरकून बरगडीखाली गोळा झाली, आणि ज्या टाक्यांत कोणाला जोड सापडत नव्हता ते मांडीवर ताणून इतके उघडले की आतलं अस्तर जाळीतून बघावं तसं दिसायला लागलं. कोणी हसलं नाही. हसल्या असत्या तर बरं झालं असतं. मालकीणबाईंनी वाकून बटण उचललं आणि ताईच्या हातात दिलं.

"हात सुंदर आहे हो तुमचा," त्या खरोखर हळहळून म्हणाल्या. "पण मापाची नजर नाही. कपड्याच्या धंद्यात तीच लागते. टेबलक्लॉथ वगैरे करत असाल तर जरूर आणा."

ताई म्हणाली, "बरोबर आहे तुमचं."

तेव्हा मी बोलायला हवं होतं. बायकांसमोर, आरशासमोर, तुटक्या बटणांसकट. तोंड उघडलंही होतं मी. पण माझी कंबर एकतीस आहे हे त्या छडीसारख्या बायकांसमोर सांगायची मला लाज वाटली. त्या लाजेपायी ताईची खुर्ची गेली.

घरी जाताना ती माझ्यावर एका शब्दानं चिडली नाही. उलट म्हणाली, "तुला उगाच सगळ्यांसमोर ओशाळं व्हावं लागलं गं माझ्यामुळे." मी रडायला लागले. तिला वाटलं, मी अपमानानं रडतेय. तिनं मला कोपऱ्यावर थंडगार सोडा पाजला.

रविवारी तिनं स्कर्ट उसवला. मी समोर दोन्ही हात पुढे करून बसले होते आणि ती दोरा ओढून माझ्या हातांवर लडी गुंडाळत होती. क्रोशाचं विणकाम एका टोकानं ओढलं की सरसर सुटतं. महिनाभराचं काम दुपारच्या चहाच्या आत संपलं. दोरा कुरळा झाला होता. तिनं तो धुऊन, खाली वजन बांधून वाळत टाकला. त्यातलंच थोडं तेव्हा किटलीची टोपी झालं. म्हणाली, "किटली कधी जाड होत नाही." मी हसले. मला हसता आलं, हे आठवून अजून स्वतःची चीड येते.

ताई पुढची एकोणतीस वर्षं त्याच मशीनवर होती. निवृत्त झाली तेव्हा कारखान्यानं तिला एक भिंतीवरचं घड्याळ दिलं आणि मशीननं तिला दोन वाकडी बोटं दिली. क्रोशा तिनं सोडला नाही, पण अंगावर बसावं लागेल असं काही पुन्हा केलं नाही. शाली, पिशव्या, झाकणं, पडदे. माझी मुलगी झाली तेव्हा मी म्हटलं, एखादा फ्रॉक कर की. तर म्हणाली, "टोपडं करते. मापाची नजर नाही गं माझ्याकडे." दुकानातल्या बाईचं वाक्य ती असं बोलायची, की जन्मापासून तिचंच असावं. खिडकीतून बायकांची मापं ओळखायचा खेळही बंद झाला. मी एकदोनदा खोडी काढून बघितली, "ताई, ती बघ, किती असेल?" ती म्हणायची, "मला काय ठाऊक?"

आणि मी? आधी लाज वाटत होती म्हणून सांगितलं नाही. मग वाटलं, जखम भरत आलीय, कशाला खरवडा. मग माझं लग्न, संसार, मूल. मग वाटायला लागलं, आता सांगून काय उपयोग? अशी चौतीस वर्षं गेली. मला वाटत होतं, मी तिला जपतेय.

गेल्या महिन्यात मी लेकीला घेऊन ताईकडे गेले होते. ताई अजून त्याच दोन खोल्यांत राहते. लेकीनं मोबाइलवर कुठलासा क्रोशाचा स्कर्ट दाखवला. "मावशी, मला अस्साच हवाय. तू सहज करशील."

ताईनं चष्मा लावून बघितलं. बोट लावून चित्र मोठं केलं. "कंबरेत चुकलाय," ती पटकन म्हणाली, आणि लगेच जीभ चावली. "माझी केलेली एक शाल देते तुला. अंगावर बसणारं मला जमत नाही. विचार तुझ्या आईला, तिची चारचौघांत फजिती केली होती मी."

तिच्या तोंडून "मी" ऐकलं आणि मला पुढे गप्प बसवेना.

"तू नाही केलीस," मी म्हणाले. "मी पोट आत ओढत होते, ताई. दुसऱ्या दिवसापासून. प्रत्येक ट्रायलला."

लेक हसायला लागली. तिला ती गंमत वाटली. मग तिनं मावशीकडे बघितलं आणि ती थांबली.

ताईनं मोबाइल खाली ठेवला. ती स्वतःची वाकडी बोटं चोळू लागली. मला वाटलं, ओरडेल. ओरडायला हवं होतं तिनं.

"पहिलं माप किती आलं होतं?" तिनं विचारलं.

"एकतीस."

"मी टेप लावायच्या आधी म्हटलं होतं ना एकतीस?"

"हो."

"आणि त्या सकाळी मी तुला विचारलं होतं. सोडू का म्हणून."

"हो, ताई."

तिनं मान हलवली. "मी इतकी वर्षं समजत होते की मला दिसतच नाही," ती म्हणाली. आवाज अगदी साधा होता. "डोळ्यांवरचा विश्वासच उडाला होता माझा."

मी तिच्या पायांशी बसायला गेले तर तिनं मला दंडाला धरून उठवलं. मग उठून कपाटाच्या खणातून टेप काढली. जुनीच होती, आकडे पुसट झालेले. तिनं आधी लेकीला खिडकीशी उभं केलं, स्वतः दोन पावलं मागे गेली, डोळे बारीक केले. "एकोणतीस आणि वर पाव." टेप लावली. मी वाकून आकडा वाचला. एकोणतीस आणि वर पाव.

"आता तू," ती मला म्हणाली.

मी उभी राहिले. आणि काय सांगू, पंचावन्नाव्या वर्षी, तिच्यासमोर, सगळं कबूल केल्यावरही, माझं पोट आपोआप आत गेलं. ताईनं टेप कंबरेभोवती घातली, पण आवळली नाही. दोन्ही टोकं सैल धरून उभी राहिली.

"थांबते मी," ती म्हणाली. "सोड सावकाश."

मी श्वास सोडला.

"एकोणचाळीस," ती टेपेकडे न बघताच म्हणाली. मग बघितलं. एकोणचाळीसच होती.

लेकीनं टाळ्या वाजवल्या. "बघ, मावशी! मग कधी करतेस माझा स्कर्ट?"

ताई टेप गुंडाळत होती. दोन बोटं वळत नसल्यामुळे ती पुनःपुन्हा सुटत होती. शेवटी मी ती घेतली आणि गुंडाळून दिली.

"मी कुठे करणार गं आता? सुई धरवत नाही तासभर," ती लेकीला म्हणाली. "मला दिसतं का, तेवढंच बघायचं होतं."